रुमाल, लगदा आणि पाणी

दसरा सरला की आमच्या मिरजगावात घरोघरचे माळे उतरू लागतात. नगर-सोलापूर रस्त्याची वर्षभराची धूळ ज्यांनी निमूटपणे अंगावर घेतलेली असते, अशा वस्तू एकेक करून अंगणात येतात, ऊन खातात आणि पुन्हा वर जातात. यंदा आमच्या घरी मात्र एक पत्र्याची ट्रंक खाली आली ती वर जाईना. ती आईची ट्रंक. आई गेल्या फाल्गुनात गेली. तिच्या मागे ट्रंकेची किल्ली वहिनींच्या हाती आली आणि किल्लीबरोबर आतल्या कागदांचा प्रश्नही आला.

कागद म्हणजे खतपत्र नव्हे. दागिन्यांची यादी नाही, जमिनीचा उतारा नाही. होती ती सारी हातची कलाकुसर. कुणाच्या तरी लग्नात रुखवतावर मांडलेली पतंगी कागदाची फुले. घडी घातलेला, एका बाजूने चुरगळलेला आकाशकंदील. छापील सरस्वतीच्या तसबिरीला जर आणि टिकल्या चिकटवून नेसवलेले लुगडे. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली संक्रांतीची भेटकार्डे. आणि नातवंडांनी, भाचरांनी, पुतण्यांनी शाळेत करून आणलेली दिवाळीची शुभेच्छापत्रे, मोजून दोनशेच्या वर. आईने त्यातले एकही टाकले नव्हते.

वहिनींनी पदर खोचला, ढिगाकडे एकदा पाहिले आणि मला विचारले, "भाऊजी, तुम्ही आयुष्यभर जुनी दप्तरं चाळलीत. आता तुम्हीच सांगा, हे पाण्यात सोडायचं की ठेवायचं? ठेवायचं तर कुठं, आणि कुणासाठी?"

प्रश्न साधा होता, पण त्याने मला निरुत्तर केले. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाच्या चिठोऱ्याचे काय करावे हे मी झोपेतही सांगू शकतो. आपल्याच घरच्या कागदांचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो या निमित्ताने केला. आणि असे ढीग आज घरोघर असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

आपल्या वाडवडिलांपुढेही हा प्रश्न होताच. त्यांनी त्याची तीन उत्तरे शोधून ठेवली होती: पाणी, लगदा आणि रुमाल.

पहिले उत्तर पाण्याचे. जे पूजेत आले, ज्यावर देवाचे नाव वा रूप उमटले, ते पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडायचे. जीर्ण पोथी, फाटकी तसबीर, गौरी-गणपतीचे कागदी मखर यांची हीच वाट. ही रीत एकट्या हिंदूंची नव्हे. आमच्या जिल्ह्याचे ठिकाण अहमदनगर, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, ते मोहरमसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद आणि अभ्रक लावून ताबूत उभे करायचे, दिवसचे दिवस खपून त्यांची जाळी कातरायची आणि शेवटी ते ठंडे करायचे, हा परिपाठ पिढ्यान् पिढ्या चालत आला. या रीतीत एक शहाणपण होते. कलाकुसर करावी, डोळे भरून पाहावी आणि सोडून द्यावी. पुढच्या वर्षी हात पुन्हा कामाला लागतात. वस्तू जाते, पण हातातली कला राहते.

पण हे उत्तर आज जसेच्या तसे लागू पडत नाही. एक तर आमचा कर्जत तालुका अवर्षणाचा. पाण्यात सोडायचे तर आधी पाणी हवे! दुसरे म्हणजे कागदही पूर्वीचा राहिला नाही. खळीने चिकटवलेला पतंगी कागद पाण्यात विरून जाई. आजच्या शुभेच्छापत्रावर चमकी असते, प्लास्टिकचा पापुद्रा असतो, थर्मोकोलची फुले असतात. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, ती काही उगीच नव्हे. विरणारे ते विसर्जन. जे विरत नाही ते पाण्यात टाकणे हा नुसता कचरा.

दुसरे उत्तर लगद्याचे, आणि ते खास बायकांचे. आमची आजी रद्दी कधी विकत नसे. कागदाचे कपटे ती रांजणाच्या तळाशी भिजत घाली, दर दिवसाआड पाणी बदली आणि चांगले मऊ झाले की भिजवलेल्या मेथीबरोबर उखळात कुटी. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडू वासाने कसरही दूर राहते. पातेले पालथे घालायचे, त्यावर ओले फडके पसरायचे, फडक्यावर लगद्याचा बोटभर थर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. वाळला की पातेल्यावरून टोपली अलगद सुटते. तिला चिंचोक्याच्या खळीचा हात द्यायचा आणि वर गेरू. अशा टोपलीत भाकरी राहत, कापसाच्या वाती राहत, शिवणाचे सामान राहत असे. गावोगाव देवांची व राक्षसांची सोंगे नाचतात, त्यांचे मुखवटेही अशाच लगद्याचे करण्याची चाल आहे.

हे बायकांनी घरात केले, तेच कागद्यांनी धंद्यात केले. देवगिरीच्या पायथ्याशी दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा म्हणून गाव आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी तेथील परंपरा सांगते. दौलताबादी आणि जुन्नरी हे दोन कागद मराठेशाहीच्या दप्तरांत सर्रास दिसतात. ते चिंध्या, जुने दोरखंड, सणाचे तंतू आणि रद्दी कागद कुटून केलेले असत. याचा अर्थ असा की पेशव्यांच्या एखाद्या पत्राच्या पोटात त्याहून जुन्या पत्राचा लगदा असू शकेल! पुढे गिरणीच्या कागदाने हा धंदा बसला. ग्रामोद्योगांच्या चळवळीत त्याला पुन्हा ऊब मिळाली आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. थोडक्यात, लगदा म्हणजे नाश नव्हे. तो कागदाचा पुनर्जन्म होय. मात्र पुनर्जन्मात मागची ओळख राहत नाही, हे विसरता कामा नये.

तिसरे उत्तर रुमालाचे. येथे रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कामाचे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पेशवे दप्तर म्हणजे असे हजारो रुमाल. बोरूने लिहिलेली ओली शाई टिपण्यासाठी कागदावर बारीक वाळू टाकीत. आजही एखादा जुना बंद उलगडला की ती वाळू बोटांना लागते. कारकुनाने लिहून हात झटकला त्याला दोन-अडीचशे वर्षे झाली आणि वाळू अजून तिथेच आहे!

हे रुमाल आपोआप मात्र टिकले नाहीत. वाडे पडले, कर्तीसवरती माणसे गेली, मोडी वाचणारे उरले नाहीत, आणि घरोघरच्या कागदांना वाळवी, पाऊस व वाण्याची पुडी असे तीन धनी मिळाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून असे कागद मिळवीत. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० साली त्यांनी व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढले. आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डे आहे. मार्च १७९५ मध्ये तेथे निजाम आणि मराठे यांची लढाई झाली. त्या लढाईचा तपशील आपल्याला ठाऊक आहे तो कुणी तरी पत्रे लिहिली आणि कुणी तरी ती रुमालात बांधून ठेवली म्हणून.

एवढे कागद टिकले, तरी त्यांत एक मोठी उणीव आहे. ती सांगितल्याशिवाय वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. त्या काळच्या पुष्कळशा पत्रांवर महिना आणि चंद्राची तारीख असते. 'छ' असे अक्षर काढून पुढे रमजान, जिल्हेज असे मुसलमानी महिने लिहिलेले असतात. पण वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, मग ते लिहायचे कशाला? त्या एका न लिहिलेल्या आकड्यापायी संशोधकांनी महिनेच्या महिने घालवले आहेत. पत्रातला वार पाहायचा, कुणाच्या लग्नाचा उल्लेख शोधायचा, कुणाचा मृत्यू ताडून पाहायचा, तेव्हा कुठे साल हाती लागते. आणि पुष्कळदा लागतच नाही.

दुसरी उणीव याहून मोठी. या हजारो रुमालांत हात कुणाचे आहेत? कारकुनांचे, मुत्सद्द्यांचे, सावकारांचे, जोशी-कुलकर्ण्यांचे. थोरामोठ्यांच्या घरच्या काही स्त्रियांची पत्रे आहेत, तीही बहुधा कारकुनाच्या हातची. आणि मुलांचे काय? मुलांचा हात जवळजवळ नाहीच. याला साधे कारण आहे. कागद महाग होता आणि मुले धूळपाटीवर शिकत. लाकडाच्या फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत काडीने मूळाक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की फळी हलवायची, अक्षर गेले. शतकानुशतके महाराष्ट्रातली पोरे अशी लिहीत आणि पुशीत आली. शिवकाळातील एखाद्या सहा वर्षांच्या मुलाने हत्ती कसा काढला असता, हे आपल्याला कोणत्याच दप्तरातून कळणार नाही.

हा तोटा केवढा, हे कळण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. रशियात नोव्हगोरोद नावाचे जुने शहर आहे. तिथली जमीन ओली आणि चिखलाची, त्यामुळे जमिनीत पडलेली लाकूडसाल कुजत नाही. १९५६ साली तेथे उत्खननात भूर्जाच्या सालीचे काही तुकडे निघाले. तेराव्या शतकातला ओनफिम नावाचा एक मुलगा त्यांवर अक्षरे गिरवीत होता. वय असेल सहा-सात वर्षांचे. गिरवून कंटाळा आला तेव्हा त्याने चित्रे काढली: घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने लोळवणारा वीर, आणि त्याच्याजवळ स्वत:चेच नाव! एका तुकड्यावर त्याने चार पायांचा एक विचित्र प्राणी काढला आणि आपला मित्र दानिलो याला नमस्कार लिहिला. हाताने केलेले शुभेच्छापत्र म्हणतात ते याहून वेगळे काय? राजेरजवाड्यांचे कितीतरी खलिते नष्ट झाले. ओनफिमचा हा नमस्कार सुमारे सातशे वर्षे चिखलात पडून राहिला आणि आज जगभरचे लोक तो कौतुकाने पाहतात. पण नीट पाहा: त्याने नाव लिहिले नसते तर आपण त्याला 'एक मुलगा' म्हणालो असतो. नावामुळे तो आपला झाला.

दुसरे उदाहरण इंग्लंडातले. मेरी डेलनी नावाच्या एका विधवा बाईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी, म्हणजे १७७२ च्या सुमारास, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवायला सुरुवात केली. एकेका फुलात शेकडो कपटे. दृष्टी अधू होईपर्यंत दहा वर्षांत तिने जवळजवळ हजार फुले केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. फुले सुंदर आहेत हे खरेच. परंतु बाईंची आणखी एक सवय होती. त्या फुलाचे नाव, ते कुठे केले ते ठिकाण आणि तारीख लिहून ठेवीत. त्यामुळे आज त्या फुलांतून बाईंचे म्हातारपण दिवसवार वाचता येते. आमच्याकडच्या रुखवतावरची फुले काही कमी सुबक नव्हती. त्यांच्यावर नाव नव्हते, एवढेच.

आता आपल्या घरातल्या ढिगाकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणी निघाली, देशभर आणखी निघाल्या आणि कागद स्वस्त झाला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि चार ओळी धाडणे गरिबाच्याही आवाक्यात आले. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल याने नाताळाचे छापील शुभेच्छापत्र काढले होते. ती चाल फिरत फिरत आपल्या दिवाळी-संक्रांतीला येऊन मिळाली. शाळा वाढल्या, मुली शिकू लागल्या. या साऱ्याचा परिणाम असा झाला की मिरजगावसारख्या गावातले पोर प्रथमच आपला हात कागदावर मागे ठेवू लागले. आईच्या ट्रंकेतली ती वेडीवाकडी कार्डे म्हणजे धूळपाटीवर पुसल्या गेलेल्या सगळ्या पिढ्यांनंतरची पहिली न पुसलेली अक्षरे होत. त्यांचा मोठेपणा चित्रकलेत नाही, यात आहे.

मग सारेच ठेवावे काय? मुळीच नव्हे. सारेच ठेवू म्हणणाऱ्याचे शेवटी काहीच राहत नाही. ढिगाला कंटाळून एक दिवस तो सारा ढीग बंबात घालतो. आपल्या जुन्या दप्तरांनीही निवड केलीच होती. मी आणि वहिनींनी दोन दुपारी बसून केले ते असे. आधी तीन वाटे घातले. प्लास्टिक, चमकी, थर्मोकोल काढून टाकले. ते ना पाण्याचे, ना लगद्याचे. छापील, नुसती सही केलेली आणि एकसारखी कार्डे लगद्याला ठेवली. जिथे कुणाचा हात दिसतो, म्हणजे चुकलेले अक्षर, खोडलेली ओळ, स्वत:च्या मनाने काढलेले चित्र, तेवढे वेगळे काढले. प्रत्येक मुलाची फार तर पाच. रुखवताच्या फुलांपैकी प्रत्येक जातीचे एक. नमुना म्हणून एकाचेही मोल मोठे असते. सावंतवाडीची हाताने रंगवलेली गंजिफाची पाने गेल्या शतकात नामशेष होत आली होती. तेथील राजघराण्याने जुन्या चितार्‍याकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केले. एक जाणता हात आणि एक जुने पान, एवढ्यावर विद्या परत येते.

ठेवायच्या कागदांतल्या टाचण्या काढल्या, कारण त्यांचा गंज कागद खातो. चिकटपट्टी कुठेही लावली नाही; तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा डाग सोडतो. घड्या शक्य तेवढ्या उलगडल्या. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून आईच्याच एका जुन्या, धुवट सुती लुगड्याचा चौकोन फाडून त्यात ते बांधले. म्हणजे रुमालच झाला!

आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्याआधी केले. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहिले: कुणी केले, कुणासाठी, कुठे, आणि साल. तिथेच आमची परीक्षा झाली. दोनशेंतल्या कितीतरी कार्डांवर 'प्रिय आजीस' एवढेच होते. महिना ठाऊक, कारण दिवाळी, वर्ष नाही. पेशव्यांच्या कारकुनाची चूक आमच्या पोरांनी इमानाने चालू ठेवली होती! वहिनींनी मुंबई-पुण्याला फोन लावले. "अगं, हिरव्या शाईचा मोर तुझा का गं?" असे दोन दिवस चालले. फोनवर हशा झाला, एक-दोनदा पलीकडे कुणी गप्पही झाले. पुष्कळशा हातांची ओळख पटली.

एक मात्र राहिले. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढलेला राघू, चोचीत तिळगुळाचा खडा, आणि खाली नुसते 'आईला'. कागद जुना, रंग उडालेला. माझा हात नव्हे, थोरल्या भावाचा नव्हे, आत्याच्या मुलांचाही नव्हे. आमची एक बहीण सातव्या वर्षी देवीच्या साथीत गेली होती. तिचा असेल काय? हे सांगू शकणारे माणूस एकच होते, आणि ते फाल्गुनात गेले. गेली कित्येक वर्षे मी दिवाळीला घरी येत होतो. आई जवळ बसलेली असे आणि मी तिला निजामाच्या वकिलाची पत्रे कशी लावली ते सांगत असे. ट्रंकेत काय आहे, हे एकदाही विचारले नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. फराळाची ताटे उचलली की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, ट्रंक उघडा, एकेक कागद हातात द्या आणि विचारा. उत्तर लगेच पाठीवर लिहून घ्या. पुढच्या दिवाळीवर टाकू नका. आणि आज मुलाने कार्ड आणून दिले, तर त्याच्याकडूनच पाठीवर नाव, गाव आणि साल लिहवून घ्या. शुद्धलेखन तपासू नका.

लगद्याच्या वाट्याचे कागद वहिनींनी भिजत घातले आहेत. मेथीही भिजली आहे. आजीचे उखळ परसात पडून होते, ते धाकट्या सुनेने धुऊन आणले. टोपली कशी साधते ते पाहायचे. साधलीच तर तीत पुढच्या वर्षीची कार्डे राहतील.

राघूचे कार्ड मी लगद्यात जाऊ दिले नाही आणि पाण्यातही नाही. ते रुमालात सर्वांत वर ठेवले. पाठीवर काय लिहावे, याचा विचार करीत बराच वेळ बसलो होतो. शेवटी वहिनींनीच पेन्सिल घेतली आणि लिहिले: 'हात ओळखता आला नाही. आईने जपून ठेवले होते. मिरजगाव, दिवाळी.' मग थांबल्या, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे न विसरता सालही घातले.